टिटवीचा आवाज बसला

"टिटवे, बाबांना सांग, पाणी तापलंय."

"टिटवे, आईला सांग, मला ऐकू आलंय."

दोघं एकाच स्वयंपाकघरात, हाताच्या अंतरावर उभे होते. मधे टिटवी, त्यांची नऊ वर्षांची लेक. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू, म्हणून हे नाव. गेले दोन आठवडे या घरातलं सगळं टपाल तीच वाहत होती.

बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसांशी बंद दारातून गप्पा मारून त्यांना हसवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बायको इस्पितळात नर्स. पहाटेच्या पाळीला बस मिळत नाही म्हणून ती स्कूटर शिकत होती. मेहुणीकडे सगळे जमलेले असताना तो म्हणाला होता, "हिच्या हाती गाडी आली ना, की रस्त्यावरचे खांब रजा टाकून पळणार!" हास्याचा धबधबा कोसळला. बायकोही हसली, आणि तेव्हापासून तिने त्याच्याशी बोलणं टाकलं. मग त्यानेही हट्टाने तोंड शिवलं.

एका सकाळी टिटवीने तोंड उघडलं, तर नुसती हवा आली. दोघं तिला घेऊन डॉक्टरांकडे धावले.

"घसा सुजलाय," डॉक्टर म्हणाले. "आठवडाभर एक अक्षरही बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही."

घरी आल्यावर बापाला कामाला निघायचं होतं. "टिटवे, आईला विचार, किल्ल्या..."

टिटवीने गळ्यावर बोट ठेवलं.

त्याने कपाटाकडे पाहत म्हटलं, "किल्ल्या कुठे गेल्या, कोण जाणे!"

बायकोने शेगडीला उत्तर दिलं, "फ्रिजवर असतील, कोण जाणे!"

टिटवीचे खांदे गदागदा हलायला लागले. आवाज नसलेलं ते हसू बघून बापालाही हसू फुटलं. बायकोने घाईने तोंड फिरवलं, पण तिचेही खांदे हलत होते.

संध्याकाळी तो लेकीच्या शेजारी बसला. "मजा आहे बुवा तुझी! निरोप्याच्या नोकरीतून सुटलीस."

ती हसेल असं त्याला वाटलं. पण तिने त्याच्या डोळ्यांत बघून मान डोलावली. जोरजोरात. पुन्हा पुन्हा.

तो उठला आणि थेट स्वयंपाकघरात गेला.

"माझं चुकलं."

"काय चुकलं?" बायको भांडं विसळत म्हणाली.

"ते... खांबांचं."

"खांबांचं मला काही वाटलं नाही हो. सगळे हसले, तेव्हा तुम्ही माझ्याकडे एकदासुद्धा पाहिलं नाहीत. पाहिलं असतंत तर कळलं असतं."

तो ओट्याला टेकला. नेहमीसारखा एक विनोद जिभेवर आला. तो त्याने गिळला. "पहाटेच्या अंधारात तू एकटी गाडीवर. मला भीती वाटते गं. आणि भीती वाटली की माझ्या तोंडून असलं काहीतरी निघतं."

"मग भीती वाटते म्हणा ना! मलाही वाटते. आपण मिळून घाबरलो असतो."

आता मात्र ती मोकळेपणी हसली. "आणि मीही पोरीला मधे घातलं. ते माझं चुकलं. भांडायचं तर तोंडावर भांडायचं. कबूल?"

"कबूल. पण सुरुवात तू करायची."

टिटवीचा आवाज परत आला, तो आधीपेक्षा मोठा.

त्या रविवारी कपाट कुठे ठेवायचं यावरून जुंपली. "खिडकीपाशी उजेड अडतो, किती वेळा सांगू?" बायको कंबर कसून उभी. "आणि दारापाशी ठेवलं तर माझं डोकं आपटतं, त्याचं काय?" बापाचाही सूर चढला होता.

तेवढ्यात टिटवी खेळता खेळता धावत आत आली, घामाघूम. दोघांच्या मधून वाट काढत तिने माठातलं पाणी घेतलं, घटाघटा प्यायली, बाहीला तोंड पुसलं आणि कोणाकडेही न बघता पुन्हा मैत्रिणींकडे पळाली.

दोघं क्षणभर दाराकडे बघत राहिले.

"हं," बायको म्हणाली, "तर उजेडाचं काय?"