फुंकरगुरूंचा ग्लास आणि आमचं यंत्र

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. कारखान्याची पहिली पाळी सुटून माणसं थेट इथंच आली होती. अर्धेअधिक खोकत होते. व्यासपीठावर फुंकरगुरू, समोर ग्लासभर नितळ पाणी आणि पाण्यात एक नळी.

"फुंका!" गुरू गरजले. "वीस वर्षांचं विष आहे, लाजू नका!"

एका वेल्डरने गाल फुगवून फुंकर मारली. बघता बघता पाणी दुधासारखं पांढरं झालं. "अरे बाप रे!" सगळे ओरडले. गुरूंनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं, बाटलीतला 'प्राणार्क' चमचाभर ओतला आणि पाणी पुन्हा नितळ!

"फुप्फुसं धुतली! रोज चमचाभर घ्या. सिगारेट आपोआप सुटेल. तोवर ओढलीत तरी बाधणार नाही."

या शेवटच्या वाक्याला सगळ्यात जोरात टाळ्या पडल्या. असा वैद्य कुणाला नको असतो?

टाळ्या वाजवणाऱ्यांत माझा दादाही होता. वहिनीचा फोन आला म्हणून मी धावत आले होते. मी इस्पितळात सिगारेट सोडवण्याच्या खोलीत नर्स आहे. तिथे माणसं एका छोट्या यंत्रात फुंकतात आणि श्वासात धुराचा विषारी वायू किती, ते आकड्यात दिसतं. दादाच्या उजव्या पायाच्या रक्तवाहिन्या आकसल्या होत्या, अंगठा काळवंडला होता. सिगारेट सुटली तरच पाय वाचेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. गेले सहा सोमवार दादाचा आकडा हिरवा, म्हणजे न ओढणाऱ्यासारखा, येत होता. अंगठा मात्र सुधारत नव्हता, आणि मला काही उमजत नव्हतं.

मी उठले. "गुरुजी, मलाही फुंकू द्या."

"तुम्ही ओढता?"

"जन्मात नाही."

"मग कशाला, बाई? श्रद्धा नसेल तर..."

"फुंकू द्या की!" वेल्डर म्हणाला.

नव्या ग्लासात मी फुंकलं. पाणी पांढरंफटक.

"नवऱ्याचं विष!" गुरूंनी लगेच निदान केलं.

"लग्नच झालेलं नाही."

हशा पिकला. मी संधी सोडली नाही. "ही चुन्याची निवळी आहे. शाळेत सगळ्यांनी पाहिलीय. प्रत्येकाच्या श्वासात कार्बन डायऑक्साइड असतो, तान्ह्या बाळाच्यासुद्धा. त्याने ती दुधाळ होते. आणि हा अर्क हुंगून बघा."

वेल्डरने हुंगलं. "व्हिनेगर आहे हो!"

"आंबट पदार्थात तो पांढरा साका विरघळतो. संपला चमत्कार."

काही जण मान खाली घालून निघाले. बाकीच्यांनी गुरूंभोवती पुन्हा गर्दी केली. "व्हिनेगर तर व्हिनेगर, गुण येत असेल तर काय बिघडलं?" एकजण मलाच विचारत होता. मी हताश होऊन बाहेर आले.

दादा जिन्यात बसला होता.

"दादा, तू तर सोडलीस ना? मग इथं कशाला?"

तो उजवा पाय पायरीवर लांबवत म्हणाला, "सोमवारी तुझ्याकडे यायचं म्हणून रविवारी पहाटेपासून ओढत नाही. एक दिवस निभतो. आकडा हिरवा आला की तुझा चेहरा फुलतो, तुझी वहिनी आनंदाने रडते. मग फाटकाबाहेर गेलो की पेटवतो."

"दादा!"

"मी एकटाच नाही गं. तुझ्याकडे येणारे आम्ही चौघं रविवार पाळतो."

तो वायू दिवसभरात शरीरातून निघून जातो. यंत्र फार तर कालचं सांगतं, आठवड्याचं नाही. हे मी नव्या नर्सना शिकवते. पण दादाचा आकडा हिरवा दिसला की मी पुढचा प्रश्नच विचारत नव्हते. मला तो खरा हवा होता. माझीच मला लाज वाटली.

महिन्याभरात दादाचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आता मी वार न सांगता त्याची फुंकर घेते. काल आकडा लाल आला. तो कुबड्या सावरत म्हणाला, "खोटं बोलायचं बळ नाही उरलं." सोडायचं बळही उरलं नव्हतं.

म्हणून सांगते. पाणी पांढरं झालं तर विचारा, कशाने झालं? आकडा हिरवा आला तरी विचारा, हा नेमकं काय मोजतो आणि काय मोजत नाही? आपल्याला हवं तेच उत्तर मिळालं, तर दुप्पट विचारा. आणि वेळेवर विचारा. दादाच्या डाव्या पायाचा अंगठाही आता हाताला थंड लागतो.