अंगठा मोजायचा नाही

“अहो, पलंग मोडाल! चुकलं ते कळलं मला. कुठे चुकलं ते तरी सांगा!”

मी व्हायोलिन खाली घेतलं तरी धनंजयांनी डावा हात पुन्हा गादीवर आपटला. “अच्छा,” ते म्हणाले. “अच्छा, अच्छा!” डोळे भरून आले होते.

होळीच्या सुमारास त्यांना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. उरला तो हा एवढाच शब्द. जन्म सांगलीचा, घरात सगळा कारभार मराठीत; पण लखनौच्या नोकरीत जिभेला चिकटलेला ‘अच्छा’ तेवढा शिल्लक राहिला. भूक लागली तरी अच्छा, डास चावला तरी अच्छा. माझं लीलावती हे नावसुद्धा आता अच्छाच. मेलं नशीब थट्टा तरी किती करतं!

व्हायोलिन त्यांचं. संशोधन संस्थेतून निवृत्त झाल्यावर लखनौच्याच वृंदावन योजनेतल्या या फ्लॅटमध्ये नुसतं बसून करायचं काय, म्हणून आलमबागच्या सॅम्युअल मास्तरांकडे शिकायला लागले. झटका आला त्याच आठवड्यात मास्तरांनी एक नवी विलायती चाल दिली होती. तो कागद स्टँडवर तसाच राहिला. इस्पितळातून घरी आणल्यापासून हे एकदा त्या स्टँडकडे बोट करायचे आणि एकदा माझ्याकडे. मी म्हटलं, यांना ती चाल ऐकायची आहे, आणि माझ्याकडून ऐकायची आहे. तेवढी जमली तर माणसाच्या जिवाला जरा शांत वाटेल. दुसरं माझ्या हातात होतं तरी काय?

लग्नाआधी मी पेटी शिकले होते, त्यामुळे सूर मला अगदीच अनोळखी नव्हते. कागदावरची टिंबं वाचता येत नव्हती, पण प्रत्येक टिंबाच्या डोक्यावर मास्तरांनी पेन्सिलीनं तारेचं नाव आणि बोटाचा आकडा लिहिला होता. त्यात काय मोठंसं? पेटीत अंगठा म्हणजे एक. इथे अंगठा तर वाद्याच्या मानेखाली, तो तारेवर यायचा कसा? मग मी डोकं चालवलं. एक म्हणजे नुसता अंगठा, म्हणजे मोकळी तार. दोन म्हणजे त्याच्या शेजारचं बोट. आणि शून्य म्हणजे काहीच नाही, तेव्हा गप्प राहायचं. चाल निघायची ती चमत्कारिक, मध्येच थांबणारी. विलायती आहे, असेल अशीच ठेचकाळत जाणारी, असं मी धरून चालले.

दुपारी त्यांना नीट ऐकू यावं म्हणून कूलर बंद करून वाजवायची. घामानं गज हातातून निसटायचा. आणि हे हात आपटायचे, रडायचे.

शेवटी मास्तरांनाच बोलावलं. एवढ्या उन्हातून स्कूटरवर आले बिचारे. मी दोन ओळी वाजवल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

“भाभीजी, यह क्या बजा रही हैं आप?”

“आपने जो लिखा है, वही.”

“एक नंबर कौन-सी उँगली समझीं?”

मी अंगठा वर केला. मास्तर खो खो हसले. “अरे, वायलिन में अंगूठा गिनते ही नहीं! वह तो बस सँभालता है. एक यानी यह.” माझ्या अंगठ्याशेजारचं बोट धरून त्यांनी तारेवर टेकवलं. “और ज़ीरो पर चुप नहीं होना, खाली तार बजानी है.”

हात्तिच्या! लाज वाटायची ती राहिली बाजूला, मला आनंदच झाला. चूक सापडली म्हणजे यांच्या रडण्याचं कारण सापडलं.

“ऐकलंत का? अंगठा मोजत होते मी! म्हणून चिडत होता ना? आधी सांगायचं नाही का!” बोलून गेले आणि जीभ चावली.

मास्तर चिकाटीचे. ऊन उतरेपर्यंत त्यांनी माझ्याकडून एकेक ओळ बसवून घेतली. मग मी पलंगाजवळ उभी राहून पूर्ण चाल वाजवली. ती ठेचकाळणारी नव्हतीच मुळी. साधी होती, गोड होती, तान्ह्या पोराला निजवताना गुणगुणावी अशी. माझ्या हातून एवढं चांगलं काही निघेल असं मलाच वाटलं नव्हतं. शेवटचा सूर संपवून मी यांच्याकडे पाहिलं.

त्यांनी हात आपटला. “अच्छा! अच्छा!” डोळ्यांतून पाणी.

“अब तो बिलकुल सही है, भाई साहब,” मास्तर हळूच म्हणाले. मग त्यांनी चहाचा रिकामा कप उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला आणि निरोप घेतला.

मी पाणी दिलं, नको. उशी सरकवली, नको. खिडकी उघडली, लावली. “अहो, बरोबर वाजलं की! मास्तर म्हणाले. मग आता काय हवंय हो तुम्हाला?”

“अच्छा.”

इतके दिवस निदान शोधायला एक चूक होती. आता मी काय शोधू? माझ्या मनात एक भलतीच शंका आली. मी गज उचलला आणि मुद्दाम, पहिल्यासारखं, अंगठा मोजून सगळं चुकीचं वाजवलं.

त्यांनी तसाच हात आपटला. तितक्याच जोरानं, तसेच रडत.

मी व्हायोलिन त्याच्या खोक्यात ठेवलं, पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांचा डावा हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरला. तो माझ्या हातांसकट गादीवर आपटत राहिला.