हिंमतरावांची नजर

हिंमतरावांनी शेवटची मोटारसायकल ओढून लिंबाच्या सावलीत लावली आणि तिच्याच सीटवर बसून कान कनातीकडे लावले. आत कबड्डीचा अंतिम सामना चालू होता, वरवट बकाल विरुद्ध यजमान रोहिणखेड. वरवटचा सगळ्यात जुना भक्त मात्र बाहेर गाड्या राखत होता.

हे काम त्यांना भागवतनं दिलं होतं. भागवत म्हणजे संघाचा कप्तान आणि त्यांचा सख्खा पुतण्या. गाड्यांपाशी विश्वासाचं माणूस पाहिजे, असं तो सकाळी निघताना म्हणाला होता. विश्वास कसला डोंबलाचा! पाच वर्षांत संघ चार वेळा अंतिम सामना हरला, आणि चारही वेळा हिंमतराव पहिल्या रांगेत होते. एका वर्षी ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बुलढाण्याला गेले, डोळ्यांवर पट्टी बांधून पडले, आणि नेमकी त्याच वर्षी पोरांनी ढाल आणली. तेव्हापासून काकांनी पाहिलं की संघ हरतो, हे गावानं पक्कं धरलं.

हिंमतरावांचा संताप संताप व्हायचा. या पोरांना त्यांनी स्वतःच्या वावरात चुन्याचं मैदान आखून दिलं होतं, त्या तुकड्यात तीन वर्षं कांदा लावला नव्हता. पण पोरांचं दरवर्षी तेच. पाच-सहा गुणांनी पुढे गेली की हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी. बचावाची साखळी सुटायची, पकडीची घाई व्हायची. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथं अंगणाच्या जागी म्हाताऱ्याचे डोळे होते.

मध्यंतराची शिट्टी झाली. वरवट सहा गुणांनी पुढे असल्याचं भोंग्यावरून सांगितलं गेलं. हिंमतरावांनी मांडीवर थाप मारली, तोच कनातीतून रोहिणखेडच्या मंडळाचा अध्यक्ष कडूबा बाहेर आला. त्याच्या हातात चहा होता, मागे शाल-नारळ घेतलेला माणूस.

"काका, तुम्ही अन् बाहेर? आमच्या गावाची इज्जत जाते. चला, पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली तुमच्यासाठी."

एवढं प्रेम का उतू चाललंय, हे कळायला हिंमतरावांना वेळ लागला नाही. त्यांच्या नजरेची कीर्ती इथवर पोचली होती. त्यांनी गाड्यांची सबब सांगितली, तर कडूबानं लगेच गाड्यांपाशी स्वतःचा माणूस उभा केला. खोटं कशाला सांगा, हिंमतरावांना आत जायचंच होतं. आतून शिट्टी झाली की त्यांचे पाय आपोआप हलत होते. चालता चालता त्यांनी मनाशी एक ठरवलं आणि ऑपरेशनच्या वेळचा काळा चष्मा खिशातून काढून लावला.

अंगावर शाल पडली, टाळ्या झाल्या. खेळाडूंमधून भागवतची नजर त्यांच्याकडे गेली असणार, पण ती त्यांना दिसली नाही. काळ्या काचांमागे त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

वीस मिनिटं ते तसेच बसले. 'कबड्डी, कबड्डी'चा दम ऐकून चढाई कुणाची ते त्यांना कळत होतं, धपकन आवाज आला की पकड झाली हेही कळत होतं. फक्त कुणी कुणाला पाडलं ते कळत नव्हतं आणि जीव नुसता तळमळत होता. भोंगा गुण सांगत होता. सहाचे तीन झाले. तिनाचा एक झाला. मग रोहिणखेड एकानं पुढे गेलं. दोनदा त्यांच्या पापण्या फडफडल्या, दोनदा त्यांनी खुर्चीचे हात आवळले. शेवटच्या चढाईला भोंग्यावर प्रज्वलचं नाव पुकारलं गेलं. एकोणीस वर्षांचा पोरगा, पहिलाच मोसम. दम घुमला, एकदम थांबला, आणि मैदान फुटल्यासारखा ओरडा झाला. कुणालाही न शिवता प्रज्वलचा पाय रेषेबाहेर गेल्याचं भोंग्यानं सांगितलं.

हिंमतरावांना वाईट वाटण्याआधी बरं वाटलं. लाज वाटावी इतकं बरं वाटलं. त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं, तरी संघ हरला होता. म्हणजे इतकी वर्षं त्यांचा काही दोष नव्हता. हे कधी एकदा सांगतो असं होऊन ते जवळजवळ पळतच लिंबाकडे गेले.

पोरं गाड्यांपाशी उभी होती. प्रज्वल एकटाच लांब मातीत बसला होता. त्याच्या गुडघ्यातून रक्त येत होतं आणि त्याच्याकडे कुणी जात नव्हतं. इतका सोपा पाय कुणाचा जातो, असं कुणीतरी त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होतं.

भागवत पुढे झाला.

"काका, तुमाले बाहेर राह्याले सांगतलं होतं. आत काऊन आले?"

हिंमतराव सांगायला तोंड उघडणार, तोच त्यांचं लक्ष लांब बसलेल्या पोराकडे गेलं. प्रज्वलनं मान वर केली होती आणि तो त्यांच्याकडे पाहत होता.

"शेवटची चढाई पाह्यली काय तुम्ही?" भागवतनं विचारलं.

हिंमतरावांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"हाव," ते म्हणाले. "सारी पाह्यली. राहवलंच नाही मले."

भागवतनं कपाळावर हात मारला. पोरं एकदम बोलायला लागली. म्हातारा सुधरणारच नाही, असं एकजण तोंडावरच म्हणाला. मग कुणीतरी जाऊन प्रज्वलला हात देऊन उठवलं, त्याच्या पाठीवरची माती झटकली आणि त्याला आपल्या गाडीवर मागे बसवलं.

हिंमतरावांना कुणी बसा म्हणालं नाही. ते एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागले.