स्कॅलगार्थांची हजेरी

पिवळ्या डोक्याची टाचणी पुन्हा सैल झालेली — केंडलच्या जरा वर, जिथं नकाशाचा कागद इतक्या वेळा टोचून झालाय की गावाच्या नावाचं अर्धं अक्षर भोकात गेलंय — आणि डल्सी एक पाय बुटात, एक नुसत्या मोज्यात, अंगठ्यानं ती दाबत उभी होती. दाबली की राहते, हात काढला की कलते. लाल टाचण्या बघा कशा मुकाट बसतात. लाल म्हणजे जन्मानं स्कॅलगार्थ, पिवळी म्हणजे लग्नानं... हा रंगांचा कायदा कुणी केला? मीच केला. साठ साली, ह्याच टेबलापाशी, माझा नवरा सिरिल शेजारी बसून पेन्सिलीला टोक काढत होता तेव्हा मीच हौसेनं म्हणाले होते, मी पिवळी घेते, मला पिवळा आवडतो. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचाच तर माणसानं निदान मोठा तरी पाडून घ्यावा. हा टाचणीएवढा धोंडा सव्वीस वर्षं सलतोय.

एकूण टाचण्या त्र्याहत्तर. सबंध ब्रिटनमध्ये ह्या आडनावाची माणसं तेवढीच, आणि त्यातली एकूण एक डल्सीनं शोधलेली. वाचनालयात बसून एकेका परगण्याची टेलिफोनची जाडजूड पुस्तकं चाळली, उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीट घालून पत्रं पाठवली, कुणी उत्तर दिलं, कुणी तिकीट काढून घेऊन गप्प बसलं. रविवार सगळे कबरस्तानांत गेले. सिरिल थर्मास धरून उभा आणि ही गुडघ्यांवर बसून ब्रशानं शेवाळ घासतेय. लोक म्हणत, एवढं कशासाठी? त्या लोकांना काय सांगायचं! डल्सी माहेरची स्मिथ. शाळेत एका वर्गात पाच स्मिथ होत्या, बाई 'स्मिथ, तिसरी' असं म्हणत आणि ही तिसरी 'हजर' म्हणे. स्मिथांचा नकाशा करायचा तर टाचण्या घमेल्यानं ओताव्या लागतील. मग एका नाचाच्या संध्याकाळी एका हडकुळ्या मुलानं आपलं आडनाव सांगितलं, तिनं परत विचारलं, त्यानं परत सांगितलं... माणसाच्या आधी ती नावावर भाळली, हे तिनं कुणाला कधी कळू दिलं नाही.

चौऱ्याहत्तर साली सिरिल दूधडेअरीच्या ऑफिसातल्या पॉलीनबरोबर निघून गेला आणि तिच्याशी रीतसर लग्न करून मोकळा झाला. म्हणजे लँकेस्टरात एक पिवळी टाचणी वाढली. नोंद म्हणजे नोंद; डल्सीनं ती स्वतःच्या हातानं लावली, केस विंचरायच्या ब्रशाच्या पाठीनं ठोकून. ती टाचणी मात्र अजून जागची हललेली नाही. सिरिल मेला त्याला दोन वर्षं झाली.

तिनं दुसरा बूट चढवला, पर्समधला कागद आहे ना हे तिसऱ्यांदा पाहिलं, आणि गाडी काढली.

सप्टेंबरचा दुसरा शनिवार म्हणजे स्कॅलगार्थांचा मेळा. दरीच्या वरच्या टोकाला ह्या नावाचं शेत आहे, जिथून म्हणे सगळे निघाले. तिथं आता एक पडकी भिंत आणि दुसऱ्याची मेंढरं. खाली चॅपलच्या हॉलमध्ये जमायचं, चहा, केक, कोण मेलं, कोण जन्मलं... आणि मग हजेरी. एकेका परगण्याचं नाव पुकारायचं आणि तिथल्या स्कॅलगार्थांनी उभं राहायचं, जन्मानं असलेल्यांनी. लग्नानं आलेल्यांनी आपल्या नवऱ्याच्या कोपराजवळ बसून राहायचं, कौतुकानं वर बघत. डल्सी सव्वीस वर्षं पुकारणारी. पुकारणारी आधीच टेबलामागे उभी असते, तिला उठायचा-बसायचा प्रश्न येत नाही. ही सोय तिनं मुद्दाम केली होती का? नाही... हो. चौऱ्याहत्तरनंतर, हो.

आणि आता ईनिडचं पत्र. ईनिड म्हणजे सिरिलची बहीण, घटस्फोटानं नवरा सुटतो, नणंद सुटत नाही. पत्रात दोनच ओळी होत्या: नावाची कार्डं आणि नकाशा ह्यापुढे जन्मानं नाव असलेल्यानंच सांभाळावा, असा ठराव ती मांडणार आहे. चौदा खोकी कार्डं, मेल्या-जित्या एकेका स्कॅलगार्थाचं एकेक. घ्या ना, या, उचलून न्या, माझ्या पलंगाखालून ओढून काढा. पण मग माझ्याकडे काय राहणार — एक घटस्फोटित बाई, जिला तिच्या नवऱ्यानं टाकली, आणि जी त्याचं नाव लावून फिरते. एवढंच राहणार.

म्हणून पर्समधला कागद. सगळ्या स्कॅलगार्थांचं झाड एका जॉनपासून निघतं, सतराशे बेचाळीस साली शेतावर जन्मलेला, बाप्तिस्म्याची नोंद ठळक, चोवीस वर्षांनी लग्नाची नोंद ठळक. मध्ये काय झालं हे बघायचं कुणाला सुचलं नाही; ह्या कामात पडलेल्या माणसांची ही नेहमीची चूक, जन्म सापडला की मरण शोधायला कोण जातंय? डल्सी गेली. गेल्या मेमध्ये, खिंडीपलीकडच्या गावच्या चर्चच्या दफनाच्या वहीत तिला तो जॉन मिळाला. वय अकरा आठवडे. आई बाळाला घेऊन माहेरी गेलेली, बर्फानं खिंड बंद, तिथंच पुरलं. आणि बिशपकडे गेलेल्या, लग्नाच्या नोंदीच्या नकलेत, जिथं कारकून जरा चोख होता, तिथं नवऱ्यामुलापुढे लिहिलेलं: जॉन, स्कॅलगार्थवरचा गडी. शेतावर राबणारा कुणीतरी, ज्याच्या बापाचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं आणि ज्याला लोक शेताच्या नावानं हाक मारत. त्र्याहत्तर टाचण्या त्या गड्याच्या. नाव त्याच्या अंगाला नुसतं तिथं राहून चिकटलेलं, जसं माझ्या.

चार महिने तिनं हे जिभेखाली धरलं होतं. आज हजेरीच्या आधी, भर हॉलमध्ये, ईनिडच्या तोंडावर ती ते वाचणार होती... त्याबरोबर आपलीही सव्वीस वर्षं पाण्यात जातील, हे तिला कळत होतं. जाऊ देत. तिला तो विचार गोडच लागला.

दारातच नेव्हिल. प्रेस्टनचा नेव्हिल, मेळ्याचा अध्यक्ष, जन्मानं स्कॅलगार्थ आणि बाकी कशानंच काही नाही.

"डल्सी, राग मानू नकोस हं. आज हजेरी मी घेतो. जरा सराव म्हणून."

"सराव कसला? माणसं उठवायची आणि बसवायची. मेंढरांमागचं कुत्रंसुद्धा शिकतं, नेव्हिल."

तो हसला, त्याला टोमणा लागायला नेहमी वेळ लागतो. टेबलावर तिच्या यादीची त्याच्या हातची नक्कल होती. डल्सीची जागा कुठं आहे, हे कुणी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

मागच्या स्वयंपाकघरात ईनिड कप विसळत होती, बाह्या कोपरापर्यंत, पाठ दाराकडे. तीच सिरिलची पाठ. बाईच्या अंगावर ती फार वाईट दिसते.

"आलीस? मला वाटलं रुसून घरी बसशील."

"तुझी अंड्याची सँडविचं चुकवीन होय? वर्षभर पोटात राहतात ती."

डल्सीनं दार लावून घेतलं. हॉलमध्ये म्हणायचं ठरवलं होतं, पण ती पाठ बघितल्यावर तिला धीर धरवेना; पहिला घाव हिच्यावर, एकटीवर, जवळून. तिनं कागद काढून ओट्यावर ठेवला.

"वाच."

"चष्मा कोटात आहे. हात ओले आहेत. तूच वाच, तुला हौस."

तिनं वाचलं. तारीख, चर्च, 'जॉन, टॉमस स्कॅलगार्थ ह्याचं मूल, वय अकरा आठवडे', मग ती बिशपची नक्कल, 'गडी' ह्या शब्दावर नीट थांबून. नळ चालूच होता. ईनिडनं एक कप उजेडाकडे धरून पाहिला आणि परत पाण्यात बुडवला.

"हं. बर्फ पडलेलं त्या साली. दादा सांगायचे."

"मामंजी? काय... काय सांगायचे?"

"हेच. त्या चर्चचं छप्पर गळायला लागलं तेव्हा दादाच गेले होते ना शिशाचे पत्रे बसवायला. एकोणपन्नास साली. पाऊस आला म्हणून आत बसले, तर पाद्रीबाबांनी वेळ घालवायला ती वही काढली. घरी येऊन हसून हसून पुरेवाट झाली त्यांची. म्हणाले, पोरांनो, आपण कुणीच नाही बरं का. जेवा आता."

"मग?"

"मग काय, जेवलो. मटण होतं."

"आणि सिरिल?"

"समोरच होता की. दोनदा वाढून घेतलं त्यानं."

एकोणपन्नास. म्हणजे नाचाच्या त्या संध्याकाळी, नाव दोनदा सांगताना त्याला माहीत होतं. थर्मास धरून उभा असताना माहीत होतं. पेन्सिलीला टोक काढून ती माझ्या हातात देताना... चौदा वर्षं. मी बोटांनी दगडातली अक्षरं चाचपत होते आणि हा माणूस वर उभा राहून, सगळं जाणून, चहा गार होऊ देत होता.

"मी म्हटलं त्याला," ईनिड सांगत होती, "सांगून टाक बाबा तिला, उगाच कबरी घासत फिरते. तर माझ्यावरच उखडला. डल्सीला कुणीही सांगायचं नाही, म्हणाला. दादांकडूनही वचन घेतलं."

"का पण?"

"मला काय विचारतेस? नवरा तुझा होता."

"मग हा ठराव कशाला मांडतेस?" डल्सीचा आवाज चिरका निघाला. "तुला ठाऊक आहे की जन्मानं कुणीच नाही, तू नाहीस, नेव्हिल नाही... मग 'जन्मानं नाव असलेल्यानंच' हे नाटक कसलं?"

ईनिडनं पहिल्यांदा तिच्याकडे वळून पाहिलं. तोंडावर राग नव्हता. शिळा, सवयीचा कंटाळा होता.

"मला तू आवडत नाहीस, डल्सी. कधीच आवडली नाहीस. त्यात नावाचा काय संबंध?" मग तिनं हातातलं फडकं पुढे केलं. "बाहेर जाऊन सांगायचं तर खुशाल सांग. पण आधी हे कप पूस. बावीस आहेत."

तिनं पुसले. का पुसले हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. बाविसावा पुसून होईपर्यंत बाहेर खुर्च्या सरकू लागल्या.

मागच्या रांगेत, हीटरजवळ एक खुर्ची रिकामी होती, ती तिनं धरली. सव्वीस वर्षांत हा हॉल तिनं ह्या बाजूनं कधी बघितला नव्हता. सगळ्यांच्या माना दिसत होत्या, लालसर, सुरकुतलेल्या, एकमेकींसारख्या अजिबात नसलेल्या. आता उठावं. हा क्षण, नेव्हिल घसा साफ करतोय तोवर... उठून म्हणावं, थांबा, तुमच्यापैकी कुणीही... ईनिड पुढच्या रांगेत बसली होती आणि तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. तिला घाबरवता येत नाही. चार महिने धार लावलेला सुरा, आणि तो मारायचा कुणाला?

की सिरिल मनातल्या मनात हसत होता? दर रविवारी, घरी येऊन, दादांसारखं हसून... नाही, सिरिलला तसं हसता येत नसे. मग कीव? कीव असेल तर ती मी घेणार नाही, मेलेल्याकडूनही नाही. की ह्या बाईला दुसरं काहीच नाही, असं त्याला वाटलं... की मला कार्डं लिहिताना बघायला त्याला आवडत होतं? असलं काही तो कधी बोलला नाही. बोलला असता तर मी तरी कार्डावरून मान वर केली असती का?

"डरहम," नेव्हिलनं पुकारलं.

डरहमचा एकच, ह्युबर्ट. ब्याण्णव वर्षांचा, तीन बस बदलून आलेला. त्यानं दोन्ही काठ्या जमिनीला टेकल्या, कुणी हात देऊ लागलं त्याला मानेनंच नको म्हटलं, आणि उठायला सुरुवात केली. हॉल थांबून राहिला. गुडघे कापत होते, टायची गाठ हनुवटीत घुसली होती. अर्ध्यावर तो क्षणभर अडकला, आणि मग आणखी वर, आणखी वर, सरळ. उभा राहिला. त्यानं चारी बाजूंना पाहिलं, जसं काही सगळ्यांनी त्याला मोजून घ्यावं.

 ह्याला कुणी सांगितलं तर? ईनिड, तोंडाची फटकळ, सहज बोलून गेली तर, चहा पिता पिता, हसत... डल्सीनं पुढच्या रांगेतल्या त्या पाठीकडे पाहिलं, आणि ही बाई गप्प राहावी, जन्मभर गप्प राहावी, असं तिला कळकळीनं वाटलं. ह्याला कुणीही सांगायचं नाही. कुणीही नाही...

आणि हे शब्द कुणाचे, हे तिला कळलं तेव्हा तिला सिरिलचा असा राग आला, जसा तो सोडून गेला त्या दिवशीही आला नव्हता. आणि तो समोर असता तर तिनं आधी त्याला मारलं असतं की त्याचा हात धरला असता, ते काही तिला ठरवता येईना.