हॉलिसची पाळी

हॉलिस थर्लोने तीन हिवाळे खपून गॅरेजमध्ये एक होडी बांधली. पाण्यातली नव्हे, बर्फावरची. खाली तीन पोलादी पाती, वर शीड, आणि मधल्या फळीवर माणसाने पाठ टेकून आडवं व्हायचं. रंग लालभडक. होडी जेवढी बांधली त्याच्या चौपट ती त्याने सांगितली होती. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या त्या छोट्या गावात असं एकही दुकान उरलं नव्हतं, जिथे उभं राहून त्याने "ताशी पन्नास मैल सहज!" असं म्हटलं नव्हतं.

अडचण एकच होती. हॉलिसला वेगाची भयंकर भीती वाटायची. बायको गाडी चालवायला बसली की तो डोळे मिटून घ्यायचा आणि डुलकी लागल्याचं सोंग करायचा. तीन वर्षं त्याने होडीला रंगाचे हातावर हात दिले, ते होडी सुंदर दिसावी म्हणून नव्हे. रंग वाळेपर्यंत ती बाहेर काढता येत नाही म्हणून. पण जगातला सगळाच रंग शेवटी वाळतो. जानेवारीतला तो रविवार उजाडला आणि होडी तयार होती. वर त्याच रविवारी स्पूनर तळ्यावरचा बर्फ तपासायची पाळीही नेमकी हॉलिसचीच होती.

तळ्यावर अशा होड्या पळवणाऱ्या मंडळींची रीत साधी होती. ज्याची पाळी असेल त्याने पहाटे पहार घेऊन तळं पालथं घालायचं, जागोजागी भोकं पाडून बर्फ मोजायचा आणि ओडेट वेलेटला फोन करायचा. ओडेट पुढे सगळ्यांना कळवणार. पाळीवाल्याचा शब्द शेवटचा. त्यावर उलट प्रश्न नाही की शहानिशा नाही.

हॉलिसने पहिलं भोक पाडलं. सहा इंच. दुसरं पाडलं. सहाच्या वर. तळं तव्यासारखं काळंभोर आणि सपाट पडलं होतं. वायव्येचा वारा कानात शिट्ट्या घालत होता. असा बर्फ मागे नऊ वर्षांपूर्वी धरला होता, आणि सोमवारपासून हिमवृष्टी, मग होड्या चालणार नाहीत, म्हणजे जे काय ते आजच. हॉलिसने पहार खांद्यावर टाकली. तिसरं भोक न पाडताच तो गाडीत जाऊन बसला आणि फोन लावला.

"ओडेट, तीनच इंच आहे गं, होड्या पेलायच्या नाहीत. सांगायलासुद्धा जीवावर येतंय मला. सगळ्यांना माझा नमस्कार सांग हं."

"बरं. तुझा शब्द," ओडेट म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने काकवीचा एक डोनट खाल्ला. मग दुसरा खाल्ला. तिसऱ्याला मर्लकाका आठवला. मर्ल पिंकम एक्याऐंशी वर्षांचा, फेब्रुवारीत खुब्याचं ऑपरेशन. पुढच्या हिवाळ्यात तो होडीत बसेल की नाही, देव जाणे. आणि त्याचा हा रविवार हॉलिसने दोन डोनटांसोबत गिळला होता. हॉलिसला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याने आरसा दुसरीकडे वळवला. भित्रा तो होताच, त्याचं त्याला नवल नव्हतं. आज तो चोरही झाला होता.

तासाभराने त्याने पुन्हा फोन लावला.

"ओडेट, सहा इंच आहे."

"कधीपासून?"

"सकाळपासून."

"मग ते तीन कुठून आणलेस?"

"घाबरलो होतो."

"किती?"

"सहा. सांगितलं ना."

"बर्फ नाही रे बाबा! घाबरलास किती?"

"पुष्कळ."

"बरं. उरलेलं तळं आता नीट बघ. आम्ही निघालोच."

हॉलिसने या वेळी अख्खं तळं तुडवलं, पार ओढ्याच्या तोंडापर्यंत. सगळीकडे बर्फ पक्का. दहाच्या सुमारास आठ गाड्या आठ होड्या घेऊन आल्या, आणि ओडेटचं बीन्सचं भलंमोठं भांडंही आलं. कोणी रागावलं नाही, हीच मोठी शिक्षा. "या, तीन इंच!" असं मात्र प्रत्येकाने म्हटलं.

"बीन्स किती वाढू?" ओडेटने विचारलं. "तीन दाणे की सहा?"

मर्लकाका काठी टेकत आला. "चल, घाल तुझी लाल बाई बर्फावर. पहिली फेरी तुझी."

"काका, वारा जरा जास्तच..."

"मग काय घरून पंखा आणायचा होता? ढकल!"

होडी ढकलत पळायचं आणि वेग आला की आत उडी मारायची. हॉलिसने मारलेली उडी बटाट्याचं पोतं पडल्यासारखी होती, पण पडली आतच. शिडाने वारा धरला आणि तळ्याचा काठ मागे पळायला लागला. हॉलिस जीव खाऊन ओरडला. पहिल्या फेरीभर तो भीतीने ओरडत होता. दुसऱ्या फेरीत कशाने ते त्यालाही सांगता येईना. तिसऱ्या फेरीत ओडेटची होडी शेजारून सणसणत गेली, ती ओरडली, मागचे सगळे ओरडले, आणि एकसष्ट वर्षांचा हॉलिस थर्लो आनंदाने अक्षरशः किंचाळत होता. तीन वर्षं रंग देत बसलो, गाढव मी, असं तो स्वतःला मोठ्याने म्हणाला.

दुपारी शर्यत लागली. मर्लकाका सर्वांत पुढे, सगळे रांगेने ओढ्याच्या तोंडाकडे. वळण चुकून भलतीकडे गेलेला हॉलिस तिथे आधीच पोचला होता. आणि त्याला दिसलं की बर्फावर ओल चढली आहे. दिवसभराच्या उन्हाने आणि खालच्या प्रवाहाने घात केला होता.

सकाळी तीन इंच म्हणणारा तो, मग सहा म्हणणारा तो, इथे पक्का आहे म्हणणाराही तोच. त्याच्या शब्दाला आता कोण विचारणार? त्याने शीड सोडलं, होडीतून उतरला आणि दोन्ही हात हलवत बेंबीच्या देठापासून ओरडला, "वळ, अरे म्हाताऱ्या गाढवा! वळ! बर्फ खराब आहे! वळा की रे मूर्खांनो!"

मर्लकाकाने क्षणभरही वेग कमी करून पाहिलं नाही. सरळ वळला. त्याच्या मागे सगळ्याच होड्या वळल्या, एकामागोमाग एक.

ओडेट होडी थांबवून पहार घेऊन चालत आली. तिने ती बर्फावर हळूच टेकवली, ती आरपार गेली. दोघं चार पावलं मागे सरली.

"ऐकलंत कसं माझं?" हॉलिसने विचारलं. "सकाळपासून कितीदा शब्द फिरवला मी."

"आत्ता शिव्या देत होतास, म्हणजे खरं. सकाळी फोनवर किती गोड बोललास! नमस्कार सांग म्हणालास. तेव्हाच कळलं होतं मला, खोटं बोलतोयस ते."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"पाळी तुझी होती," ओडेट म्हणाली.

हॉलिसने तोंड फिरवून बाहीने नाक पुसलं. थंडीमुळे वाहतंय, असं त्याने कोणी न विचारताच सांगितलं.