एकवीस मिनिटं चाळीस सेकंद

त्या पत्राला टीपकाकांनी उत्तर दिलं नव्हतं. का दिलं नाही, असं कुणी विचारलं असतं तर तेही त्यांना धड सांगता आलं नसतं. पत्र साधंच होतं. दीड पान, गोल सुवाच्य अक्षर, शेवटी ‘आपली नम्र’. चार महिन्यांत काकांनी ते इतक्यांदा उघडलं आणि मिटलं होतं, की घडीवरची एक ओळ पुसट झाली होती. नेमकी तीच ओळ त्यांना तोंडपाठ होती : ‘एकविसाव्या मिनिटाला तिथे कुणीच बोलत नाही.’

टीपकाका हे नाव त्यांना कचेरीत पडलं. विद्यापीठाच्या संशोधन-त्रैमासिकात एकतीस वर्षं ते संदर्भ तपासायचे. लेखक मंडळी अमक्या ग्रंथाचं तमकं पान म्हणून बाण सोडून मोकळी व्हायची. तो बाण कुठं जाऊन लागलाय हे बघायला काका ग्रंथालयात जायचे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकही तळटीप छापायला सोडायची नाही, हा त्यांचा नेम. माणसांशी बोलताना ज्यांची जीभ टाळ्याला चिकटायची, ते काका चुकीच्या पानासमोर मात्र वाघ असायचे.

आणि या पत्रानं त्यांची शेळी करून टाकली होती.

पत्र एका संशोधक मुलीचं. तिचा प्रबंध काचकारखान्यात काम करणाऱ्या बायकांवर. त्यातलं एक अख्खं प्रकरण टीव्हीवरच्या एका जुन्या माहितीपटातल्या दोन वाक्यांवर उभं होतं. ती वाक्यं तिला त्रैमासिकातल्या एका लेखात सापडली, खाली टीप होती : कार्यक्रमाचं नाव, दिग्दर्शक, वर्ष, आणि २१:४०. परीक्षकांनी पुरावा मागितला. तिनं चित्रपट संग्रहालयाला अर्ज केला. तिथं अख्खा कार्यक्रम बघू देत नाहीत. मागाल त्या मिनिटाच्या आसपासचा पाच मिनिटांचा तुकडा पाठवतात, आणि एका कार्यक्रमाचे दोनच तुकडे. पहिला तुकडा आला. त्यात भट्टी, धूर आणि पाठीमागं सनई. बाई नाहीच! परीक्षकांनी समासात लिहिलं, ‘अवतरण बनावट दिसते.’ लेखाचे लेखक वारलेले. लेखाच्या शेवटी संदर्भ तपासणाऱ्याचे आभार मानले होते, म्हणून तिनं काकांना लिहिलं. दुसरा तुकडा कुठल्या मिनिटाचा मागू? सत्र संपेपर्यंत वाक्य दाखवता आलं नाही, तर प्रकरण काढावं लागेल आणि प्रबंध लंगडा होईल.

सत्र संपायला आता अकरा दिवस उरले होते.

“पुन्हा काढलंत ते पत्र?” पत्नी दारातून म्हणाली. “एक दिवस त्याला पाय फुटतील आणि ते आपलं आपण परत जाईल.”

“काय लिहावं तेच कळत नाही गं.”

“मग कळत नाही असं लिहा.”

“असं कसं लिहिणार? तिला मिनिट हवंय.”

“बिचारीनं एक मिनिट मागितलं, तुम्ही चार महिने घेतलेत. खाली नंबर दिलाय की, फोन करा.”

“संदर्भ तोंडी देत नाहीत,” काका म्हणाले, आणि पत्नीनं हात जोडले.

खरी गोष्ट अशी, की ‘कळत नाही’ हे ते नम्रतेनं म्हणत नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. ती वाक्यं त्यांनी स्वतः ऐकली होती. कारखाना बंद पडल्यावर फाटकाशी उभी राहिलेली ती बाई, तिचा तुटका चष्मा, सगळं डोळ्यांपुढं होतं. शिवाय कार्ड होतं. प्रत्येक तपासलेल्या संदर्भाचं एक कार्ड ते घरी आणून बुटाच्या खोक्यात ठेवत. त्या कार्डावर त्यांच्याच अक्षरात, तारखेसह, लिहिलं होतं : २१४०. मग बाई गेली कुठं? संग्रहालयानं चुकीचा तुकडा पाठवला? की कार्यक्रम दोनदा दाखवला आणि दुसऱ्यांदा उलटापालटा केला? की आपण दुसऱ्याच कुठल्या बाईला ऐकलं? विचार करकरून डोक्याचा भुगा झाला, पण घोडं तिथंच पेंड खात होतं.

आणि एक भीती होती, ती पत्नीलाही सांगितली नव्हती. पानाच्या जागी मिनिट आणि सेकंद लिहायची पद्धत काकांचीच होती. सिनेमाचा, टीव्हीचा हवाला देणारे लेख पहिल्यांदा यायला लागले तेव्हा सगळे गोंधळले. लेखक कुणाला म्हणायचं, दिग्दर्शकाला की पटकथा लिहिणाऱ्याला? पान कुठून आणायचं? काकांनी भीत भीत सुचवलं, मिनिट द्यावं. संपादकांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, नियमपुस्तिकेत ते छापलं. काकांच्या आयुष्यात पाठ एवढी एकदाच थोपटली गेली होती.

लेखकानं तपासणीसाठी दिलेली कॅसेट अजून कपाटात होती. कचेरीतलं यंत्र कधीच भंगारात गेलं होतं. पत्नीच्या टोमण्यानंतर तिसऱ्या दिवशी काकांनी कॅसेट पिशवीत घातली आणि ते रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढले. आधी दोनदा दुकानावरून तसेच पुढं गेले होते.

दुकान चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, कपाळावर भिंग बांधलेल्या. समोर पोट उघडलेले तीन टीव्ही.

“काका, दोनदा गेलात समोरून. मला वाटलं उधारीवाले आहात.”

“नाही, ते... कॅसेट होती. चालते का बघायचं होतं.”

“लग्नाची?”

“काचकारखान्याची.”

“मग टिकली असेल,” बाई म्हणाल्या. “लग्नाच्या फार बघून घासतात.”

त्यांनी मागच्या फळीवरून एक जुनं यंत्र काढलं, फुंकर मारली, कॅसेट आत ढकलली. यंत्राच्या तोंडावर चार हिरवी शून्यं उजळली. काकांना बरं वाटलं. असेच आकडे कचेरीतल्या यंत्रावर होते. पडद्यावर निवेदिका आली, मग कार्यक्रमाचं नाव, मग भट्टी. काका स्टुलावर बसून आकड्यांवर डोळा ठेवून राहिले. बाई दुसऱ्या टीव्हीत डोकं घालून कामाला लागल्या.

थोड्या वेळानं काका चुळबुळले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ कानाला लावून पाहिलं.

“बाई, तुमचं यंत्र मागं पडतंय.”

“पडत नाही हो. चित्र नीट आहे की.”

“चित्र नीट आहे. पण माझ्या घड्याळात दहा मिनिटं झालीत आणि इथं पाच मिनिटं वीस सेकंद. आणि मघाशी तर इथं चार ऐंशी झाले होते. ऐंशी सेकंद कसे होतील?”

बाईंनी भिंग वर केलं. काकांकडं पाहिलं, यंत्राकडं पाहिलं, पुन्हा काकांकडं पाहिलं.

“काका, ते घड्याळ नाही.”

“मग काय आहे?”

“फेरे. आतलं चाक किती फिरलं ते मोजतं. वेळेचा आणि त्याचा काही संबंध नाही. सुरुवातीला चाक रिकामं असतं, भराभर फिरतं. टेप गुंडाळून जाड झालं की हळू. नंतरच्या यंत्रांत तास-मिनिटं आली, यात नाहीत.”

एक जुनी दुपार काकांच्या अंगावर चालून आली. कुठल्याशा चित्रपटाचा संदर्भ तपासताना आकडा आला होता १९८५. एकोणीस मिनिटं पंच्याऐंशी सेकंद! ते हसले होते, यंत्र किती भोळं आहे म्हणून. मग पंच्याऐंशी सेकंदांतलं एक मिनिट काढून त्यांनी नीट दुरुस्त केलं होतं, वीस मिनिटं पंचवीस सेकंद, आणि लाल शाईनं ‘तपासले’ लिहिलं होतं. कधी एखादा कार्यक्रम पहिल्यापासून बघितला असता तर कळलं असतं. पण लेखक सांगायचे, अमक्या प्रसंगानंतर बघा. काका बटण दाबून टेप पळवायचे, प्रसंग गाठायचे, आकडा उतरवायचे. कामसू माणूस होते ना!

“बरं वाटत नाहीये का काका?”

“नोकरीची शेवटची अकरा वर्षं मी हे आकडे पानांच्या जागी छापले,” काका म्हणाले.

बाईंना त्यातलं काही कळलं नाही. पण त्यांनी पेचकस खाली ठेवला आणि स्टूल ओढून शेजारी बसल्या. दोघांनी मिळून भट्टी पाहिली, बाटल्या पाहिल्या, संप पाहिला. आणि मग फाटकाशी तुटक्या चष्म्याची ती बाई आली.

“तपासायचा दिवा बिघडला, की आम्ही बाटलीवर नख मारून ओळखायचो, तडा आहे का ते,” ती म्हणाली. “हे कुठल्या वहीत लिहिलेलं नाही.”

शब्द न् शब्द तोच. काकांच्या छातीवरची धोंड अर्धी उतरली. आकडा होता २११२; यंत्र वेगळं, म्हणून फेरेही थोडे वेगळे. घड्याळात अठ्ठेचाळीस मिनिटं.

“माझ्या भिंतीवर साडेअठ्ठेचाळीस,” बाई म्हणाल्या.

“आणि निवेदिकेचं दीड मिनिट? ते कार्यक्रमात धरायचं की नाही? संग्रहालयाच्या प्रतीत ती असेल का?”

“आता ते मला काय विचारता!”

हे काकांनाही माहीत नव्हतं. टेप मागं नेऊन त्यांनी पुन्हा लावली, या वेळी नावाच्या पाटीपासून. साडेसेहेचाळीस आलं. ते लिहून घेतलं, आधीचंही ठेवलं. कुठलं शून्य खरं, हे कुठल्याच नियमपुस्तिकेत नव्हतं.

घरी येऊन ते लिहायला बसले. पहिल्या कागदावर यंत्रांचा इतिहासच झाला. दुसऱ्यात चूक ‘झाली असावी’ होती, तिसऱ्यात ‘आढळून आली’.

“कुणी केली ते येऊ द्या की त्यात,” पत्नी खांद्यावरून वाचत म्हणाली.

“येईल. जागा शोधतोय.”

“पहिली ओळ रिकामी आहे.”

चौथा कागद असा झाला :

‘चूक माझी आहे. लेखकाची नाही, तुमची तर नाहीच. यंत्रावरचा आकडा मी वेळ समजलो. ते चाकाचे फेरे होते. वाक्य खरं आहे, आज पुन्हा ऐकलं. नावाच्या पाटीपासून साडेसेहेचाळीस मिनिटं, निवेदिकेपासून अठ्ठेचाळीस. तुमच्या प्रतीत सुरुवात कुठून आहे मला माहीत नाही, म्हणून चव्वेचाळीस ते एकोणपन्नास असा तुकडा मागावा. दोन्ही त्यात बसतात. हे पत्र परीक्षकांना दाखवायला माझी हरकत नाही. दाखवावंच. बाकीच्या संदर्भांचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही. उशिराबद्दल काय लिहावं, तेही नाही.’

खाली सही केली. मग कॅसेटबद्दल एक ओळ घातली, की ती माझ्याकडे आहे, परीक्षकांना बघायची असल्यास मी घेऊन येईन. लिहून झाल्यावर आपण हे काय कबूल करून बसलो, याचंच त्यांना नवल वाटलं. अनोळखी माणसांपुढं जायचं!

टपाल कचेरीत रांग नव्हती. खिडकीतल्या कारकुनानं पाकीट तोलून विचारलं, “साधं की रजिस्टर?”

“लवकर कुठलं पोचतं?”

“रजिस्टर परवा पोचेल. साधं परवा किंवा तेरवा, सांगता येत नाही.”

“मग रजिस्टर. आज निघेल ना?”

“गाडी चारला. आत्ता पावणेचार.”

काकांनी मनगटाकडं पाहिलं, मग भिंतीकडं. दोन्हीकडं वेगवेगळी वेळ होती. ते काही विचारणार, एवढ्यात कारकुनानं पाकिटावर शिक्का मारला आणि ते मागच्या पोत्यात टाकलं.