चौथ्या मजल्यावरची खुर्ची

ज्याच्याकडे संशयाने पाहिले जाते, त्याची दृष्टीही हळूहळू संशयी होत जाते. आणि मग समोरच्याचा अपराध तेवढा दिसतो, त्यामागची व्यथा दिसेनाशी होते.

"तुम्ही हात लावला की चालू, पाठ फिरवली की बंद! ही लिफ्ट आहे की तुमची पाळलेली मांजर?" इमारतीचे चिटणीस तळमजल्यावर मिस्त्रींना सुनावत होते. "दर खेपेची मजुरी हवी म्हणून मुद्दाम बिघाड ठेवता का? आज कारण सापडलं नाही, तर उद्यापासून दुसरा माणूस बघतो."

लिफ्टच्या दुरुस्तीतच केस पिकलेल्या मिस्त्रींना हा आळ फार झोंबला. जाळीचे दार पुरते मिटले नाही की लिफ्ट जागची हलत नसे. पण ते येऊन पाहत, तेव्हा दार मिटलेलेच असे. म्हणजे कोणीतरी मुद्दाम उघडत होते आणि त्यांची चाहूल लागताच लावत होते. रखवालदार? तो हल्ली उगाच हसतो. की खुद्द चिटणीसच, आपल्याला काढायला निमित्त हवे म्हणून? एकेका चेहऱ्यावर त्यांनी मनातल्या मनात आरोप ठेवला.

निरोप घेतल्याचे दाखवून, वहाणा हातात धरून, ते जिन्याने परत वर गेले आणि पाचव्या मजल्याच्या वळणावर दबा धरून बसले.

काही वेळाने चौथ्या मजल्यावर एक दार किलकिले झाले. तिथे एकट्याच राहणाऱ्या आजी बाहेर आल्या. त्यांनी लिफ्ट वर बोलावली, जाळीचे दार बोटभर सरकवले, फटीत चिंधीची घडी खोचली. मग घरातून खुर्ची आणून जिन्यापाशी मांडली, पाण्याचा पेला भरून ठेवला आणि खालच्या पावलांकडे कान लावून उभ्या राहिल्या.

मिस्त्री ताडकन खाली उतरले. "आजी! तुमच्यापायी माझ्या पोटावर पाय यायची वेळ आली!"

"मेल्या, केवढ्यांदा ओरडतोस!" आजी दचकल्या, पण चिंधी त्यांनी लपवली नाही. "लिफ्ट चालू असली की जाळीतून आधी डोकी दिसतात, मग पाय, की गेली माणसं. बंद पडली की चौथ्यावर दम लागतो. बसतात घटकाभर. बोलतात."

"आणि सहाव्यावरचे काका? गुडघे धरून चढतात ते!"

आजींचा चेहरा उतरला. "ते सगळ्यांत जास्त वेळ बसतात," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटायचं, गप्पांसाठी."

इतक्यात चिटणीस धापा टाकत वर पोहोचले. "सापडलात! गेलो म्हणालात आणि इथे?"

एका वाक्यात आळ फिटला असता. मिस्त्रींनी आजींकडे पाहिले आणि ते वाक्य गिळले. आजीच पुढे झाल्या. चिंधी काढून त्यांनी तळहातावर धरली. "त्याला बोलू नका. हे माझं काम."

चिटणीसांनी रागाने तोंड उघडले. पण छाती भात्यासारखी हलत होती. ते खुर्चीत टेकले. पाणी प्याले.

"आमच्याकडे तरी कोण येतं, आजी," ते अखेर म्हणाले, "तक्रारीवाचून?" मग मिस्त्रींकडे न पाहता, "ते दुसऱ्या माणसाचं… मी बोललोच नव्हतो."

मिस्त्रींनी जाळीचे दार नीट मिटले. लिफ्ट चालू झाली. तरी तिघांपैकी कोणीच निघाले नाही. मिस्त्री पायरीवर बसले, आजी उंबरठ्यावर.

त्या तिघांचे मंगल होवो. त्यांच्या दारी कोणीतरी विनाकारण येत राहो.